आकड्यापुढं लिहिलेलं नाव

सीमाभागात आळंद रस्त्यावरच्या एका खाजगी कॉलेजात रविकुमारला नेटवर्क सांभाळायची नोकरी लागली. खुर्चीवर बसून पगार घेणारा त्याच्या घरातला तो पहिलाच. बाप धुळाप्पा आधी मेंढरांमागं आणि मग दुसऱ्याच्या रानात राबलेला. पोरगं हुशार, कामाला वाघ, पण साहेबापुढं उभं राहिलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. एवढं सोडलं तर नावं ठेवायला जागा नव्हती. आणि नेमकं तेच दुसऱ्या कुणाच्या मुळावर आलं.

२०१० सालच्या उन्हाळ्यात कॉलेजचं इंटरनेट रोज दुपारी मान टाकायचं. परीक्षेचे अर्ज पुढं सरकेनात. कोण किती इंटरनेट ओढतंय ते दाखवणारा एक प्रोग्राम रविकुमारनं बसवला. पण त्यात नुसते आकडे दिसायचे. कॉम्प्युटर सुरू झाला की राऊटर त्याला जो आकडा देतो, तेवढीच त्याची ओळख.

संस्थेचे सेक्रेटरी वीरभद्रप्पा पडद्याकडं बघून खवळले. "आकडे कामून दाखवायलास मला? माणसाचं नाव सांग."

आकड्यावरून खरं नाव शोधून देणारी व्यवस्था उभी करायला चार दिवस लागले असते. 'अप्पा, थोडं थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही. तो खोल्याखोल्यांतून फिरला, कुठल्या कॉम्प्युटरला कुठला आकडा आहे ते पाहिलं आणि आकड्यापुढं त्यावर बसणाऱ्याचं नाव हातानं टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात वर नाव आलं, मंगल.

मंगल ऑफिसात अर्ज भरायची. नवरा वारलेला; कडगंचीला सासू आणि लहान पोरगी, तिघींचं पोट ह्याच नोकरीवर. वीरभद्रप्पांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "काय बघत बसतीस गं दिवसभर?" आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. जाताना ती रविकुमारच्या टेबलापाशी थांबली.

"अण्णा, मी काय केलं ते तरी सांगा."

"मशीन दाखवायलंय, अक्का. मी काय करू?" मान वर न करता तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पडद्यावर पुन्हा तेच नाव. मंगल. तिच्या कॉम्प्युटरवर कापड घातलेलं, प्लग काढलेला. रविकुमार उठला आणि खोल्याखोल्यांतून पुन्हा आकडे बघत फिरला.

मग उमगलं. दुपारी लाईट जायची. परत आली की कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायचे आणि टमटमात चढणाऱ्या माणसांसारखी मिळेल ती जागा धरायचे. आकडे इकडचे तिकडं झाले, त्यानं लिहिलेली नावं मात्र जागच्या जागी. मंगलच्या नावाचा आकडा त्या दिवशीही आणि आताही लायब्ररीतल्या कॉम्प्युटरनं धरला होता. तिथं कोणी बसतही नव्हतं. व्हायरस शिरला होता, तो आपला दिवसभर ओढत होता. म्हणजे गुन्हा कुणाचाच नव्हता, आणि घर मात्र एका बाईचं बसलं.

त्या दिवशी वीरभद्रप्पांपुढं त्याची जीभ सुटली. त्यांनी ऐकून घेतलं. "दुरुस्त करून टाक," म्हणाले. "पण बाईला परत बोलावलं तर आपलीच शोभा व्हायची."

संध्याकाळी रविकुमार कडगंचीला गेला. मंगल पिशवी घेऊन दारात उभी. पुण्याला कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं होतं. पोरगी सासूजवळ राहणार होती. सासू बाणूबाई ओट्यावर पाठ करून बसलेली. ऑफिसात नको ते बघत बसायची म्हणून काढली, असं गाव बोलायचं; ते तिच्याही कानावर आलं होतं, आणि तेव्हापासून ती सुनेशी एक शब्द बोलली नव्हती.

त्यानं झालेलं सगळं सांगितलं. मंगल म्हणाली, "मी काही केलं न्हाई ते मला ठाऊकच होतं की. आत्याबाईला सांगा."

रविकुमार म्हातारीपुढं जमिनीवर बसला. राऊटर, लाईट, आकडे, तिला काय कळणार त्यातलं? त्यानं सगळं सोडलं. "आजी, काम दुसऱ्याच मशीनचं होतं. नाव मी चुकीचं लिवलो. हिचा काय बी दोष न्हाई." शेजारची दानम्मा कुंपणाशी कान देऊन उभी होती, म्हणून तेच त्यानं मोठ्यानं कन्नडमधून पुन्हा सांगितलं.

"मग परत घेतेत का हिला?" बाणूबाईनं विचारलं.

"न्हाई, आजी."

बाणूबाई उठली. तिनं शिव्या दिल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. तिनं नातीला कडेवर घेतलं, सुनेच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि तिघीजणी थांब्यावर गेल्या. मंगलला घेऊन बस निघाली तशी पोरगी रडायला लागली. थांब्यावर गावातली चार माणसं होती. बाणूबाईनं पोरीचे डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रडू नको, बाळा. तुजी माय कामाला चाललीय."