टेम्पोने उडवले
ताज्या शाईचा वास आला की साकीनाक्याच्या गाळ्यातलं आमचं छोटंसं दैनिक आठवतं. मी तिथे खेळाचं पान लावायचे आणि ‘उडवणे’ हे माझं लाडकं क्रियापद होतं. कुणी स्टंप उडवायचं, कुणी समोरच्या संघाचा धुव्वा. एकदा शहराचं पान बघणारा सहकारी रजेवर होता, म्हणून अपघाताच्या बातमीला मथळाही मीच दिला: ‘टेम्पोने वृद्धाला उडवले’. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वृद्धांची मुलगी मानखुर्दहून थेट ऑफिसात आली. खालच्या कारखान्यात लेथ खडखडत होतं, तरी तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. “शेवटच्या पानावर स्टंप उडवलेत आणि इथे माझ्या बाबांना? पाय मोडलाय त्यांचा. हॉस्पिटलमध्ये रोज पेपर मागतात. हे दाखवू?” सगळेच असं लिहितात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण म्हणाले, “चुकलं माझं, ताई.” संपादक कुरकुरले, “अगं, छोटा शब्द आहे, एका कॉलमात बसतो.” “मग टाइप लहान करू,” मी म्हटलं आणि नवी बातमी लावली: ‘टेम्पोच्या धडकेत जखमी झालेल्या आजोबांची प्रकृती सुधारतेय’. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. “बाबांनी दोनदा वाचलं. विचारतायत, फोटो का नाही टाकला?” आम्ही दोघी खूप हसलो. आता सगळी पानं माझ्याच नजरेखालून जातात. खेळाच्या पानावर काय उडवायचं ते खुशाल उडवा म्हणते, पण माणूस मात्र मी कुठल्याच टेम्पोला उडवू देत नाही.