कमी लोखंडाचं छप्पर

धम्मरत्नचं नाव निघालं की अजूनही माह्यं डोकं फिरते. पोरगं आमच्याच गावचं, मेहकर तालुक्यातलं. त्याचे बाबा शंकरराव जन्मभर ठेकेदारांच्या हाताखाली सेंट्रिंगच्या कामावर राबले. पोरगा शिकून इंजिनिअर झाला, कॉलेजात शिकवू लागला. मी गोकुळ, वेल्डिंगवाला. गावच्या विहाराच्या सभागृहाचं छप्पर त्यानं आखलं अन् मी जोडलं, म्हणून मले सारं ठाऊक हाये.

त्याची रीत न्यारी होती. "गोकुळभाऊ, कपाशीचा संकर करतात ना, तसंच," म्हणे. कॉम्प्युटरात शंभर छपरं मांडायची, त्यायच्यावर वारा अन् वजन टाकायचं. लुळी पडली ते फेकायची, तगडी निघाली त्यायचा संकर करून नवी पिढी काढायची. अशा हजार पिढ्या. जो अँगल काहीच भार उचलत नाई, तो त्यात गळून जाते. शेवटी जे छप्पर उरलं, त्याले नेहमीच्या निम्मंच लोखंड लागत होतं.

छप्पर चढलं अन् कुजबुज सुरू झाली. आमच्याकडं लोखंड कमी दिसलं म्हणजे कोणीतरी खाल्लं, दुसरा अर्थच नाई. पोरानं वाळूची पोती टांगून दाखवली, ठरल्या वजनाच्या दीडपट, दिवसभर. छप्पर बोटभरही लवलं नाई. लोकं पाहून गेले अन् चहाच्या टपरीवर पुन्हा तेच बोलले.

मग विहारात बैठक बसली. साऱ्यायसमोर शंकरराव उठले. मले वाटलं, आता हे एकेकाले झापतीन. ते माह्याकडं वळले.

"गोकुळ, खरं सांग. माह्या पोरानं लोखंड खाल्लं काय?"

"नाई हो, शंकरराव," मी म्हटलं. धम्मरत्न माह्याकडं पाहतच नव्हता, बापाकडं पाहून राह्यला होता. म्हातारा तरी काय करीन? चाळीस वर्षं ठेकेदारांच्या कामावर त्यानं लोखंड खाण्याबिगर दुसरं पाह्यलंच नव्हतं. तरी मले त्याचा लई राग आला.

पोरानं लॅपटॉप मिटला. "किती लोखंड वाढवलं म्हणजे तुमचा भरोसा बसन, बाबा?"

"नेहमी लागते तेवढं."

त्यानं पदरमोड करून तेवढं मुकाट आणून दिलं. तवापासून तो गावात पाय ठेवत नाई. मायचा फोन उचलते, बापाशी बोलत नाई.

ते वाढीव अँगल मीच जोडले. कशाचाच भार नाई त्यायच्यावर. त्यातले चार तर मी जोडलेच नाई, घरी नेले अन् माह्या शेडाले लावले. मले आजवर कोणी इचारलं नाई.