बूटवाल्यांची सोपी टेकडी

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं बुटांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना बूटवालेच म्हणत. आठवडाभर हा माणूस गिऱ्हाइकांच्या पायाशी गुडघे टेकून बसायचा, नाड्या ओढायचा, अंगठा कुठे लागतोय ते चाचपायचा आणि पोरासोरांचेही नखरे सोसायचा. रविवारी मात्र त्यांचा थाट काही औरच. हाताशी सवड असलेली पाच-पंचवीस माणसं घेऊन ते जवळच्या टेकड्यांवर जायचे. चढ सोपा, वाट छोटी, जेवायला घरी परत, आणि वरून दिसणारा देखावा असा की आठवडाभर बोलायला विषय पुरावा. त्या दिवशी सगळे त्यांच्या मागून चालायचे. ते एवढ्यासाठीच जगत होते म्हटलं तरी चालेल.

त्यांची जीभ मात्र फार वाईट होती. चालणाऱ्या प्रत्येकाला ते नाव ठेवायचे आणि ते चिकटायचंच. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं म्हणून बिचारी बेकरीवाली आली, तर पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "रोडरोलरबाई, तुम्ही पुढे व्हा, म्हणजे आमची वाट सपाट होईल." सगळे पोट धरून हसले. तीही हसली, न हसून सांगते कुणाला? तेव्हापासून ती रोडरोलरच झाली. खुद्द बायकोलाही त्यांनी सोडलं नाही. ती चालताना खोकायची, म्हणून ती खोकलाबाई. हिच्या खोकल्याने झाडावरची पाखरं घर बदलतात, हा त्यांचा ठरलेला विनोद.

आता त्या खोकल्याची गोष्ट सांगायलाच हवी. बूटवाल्यांचे डोळे गेले होते. अगदी काळोख नव्हे, पण बघायला जावं तिथेच नेमका दुधाळ डाग, आणि कडेकडेला सावल्या. दुकानात त्यांचं बोटांवर भागायचं. टेकडीवर भागायचं बायकोवर. ती त्यांच्या मागोमाग चालायची. एकदा खोकली की पायरी, दोनदा खोकली की दगड. ही युक्ती त्यांचीच, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून खोकल्याची टिंगलही त्यांचीच. बायको कितीदा म्हणाली, लोकांना सांगून टाका, कुणीतरी हात धरेल. ते उखडायचे. "मला मागे चालवतील. मागे चालायला मी काय सामान आहे?" कळलं तर रविवार गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तळ्याच्या टेकडीवर त्यांची एक खास रीत होती. शेवटचं वळण आलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि आगगाडीसारखं माथ्यावर जायचं. वर पोचल्यावर ते म्हणायचे, "उघडा." समोर एकदम सगळं पसरलेलं दिसायचं, आणि मग ते डावीकडून उजवीकडे एकेक गोष्ट सांगत जायचे. डोळे जाण्याआधी पाठ झालेलं सगळं जसंच्या तसं.

बेकरीवालीने त्यांच्याकडून बूट घेतले आणि घरी जाऊन खोकं उघडलं, तर एक बूट काळा, एक तपकिरी. माप एक, घडण एक, रंग दोन. ती बदलायला गेली नाही. विचार करत बसली. पुढच्या रविवारी तेच बूट घालून आली. निघण्याआधी बूटवाले प्रत्येकाचे बूट तपासायचे. तिच्यापुढे वाकून त्यांनी नाड्या ओढल्या, टाच दाबली आणि म्हणाले, "छान. जोडी शोभतेय." लोकांना वाटलं, नेहमीची थट्टा. बेकरीवालीला हवं ते कळलं होतं.

त्या दिवशी तळ्याच्या टेकडीवर आभाळ भरून आलं होतं, ऊन कुठल्या बाजूला तेही समजत नव्हतं. शेवटच्या वळणावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही आम्हाला इतकी वर्षं नेलंत, आज तुम्ही डोळे मिटा. मी नेते." लोकांनी टाळ्याच वाजवल्या. नाही म्हणायला बूटवाल्यांना कारण सापडेना. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या खांद्यावर बायकोचा हात आला, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. ही काही डोळे मिटणार नाही, वाट चुकली तर खोकेल.

वाट बदलली हे त्यांच्या पायांना लगेच समजलं. खडकाऐवजी खडी लागत होती. माथ्यावर भणभणणारा वारा नव्हता. त्यांनी हळूच डोळे उघडून पाहिलं, तर सगळीकडे तोच करडा डाग. खडी नवीन टाकली असेल, वारा पडला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. खोकला काही ऐकू आला नाही, त्या अर्थी सगळं ठीकच होतं.

"उघडा," बेकरीवाली म्हणाली. "आता सांगा बूटवाले, काय काय दिसतंय?"

त्यांनी छाती फुगवली, हात लांब केला आणि सुरुवात केली. डावीकडे तळं, त्यात बघा, आज दोन होड्या आहेत. कुणीतरी खुदकन हसलं. ते खूश झाले. मग पूल, पुलापलीकडे आपला बाजार, नीट बघा, माझ्या दुकानाची पाटीही दिसेल. आता सगळेच हसत होते. इतकं हसणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून त्यांना आणखी चेव आला. होडीतला माणूस आपल्याला हात करतोय म्हणाले, आणि त्यांनीही हात हलवला. पहिल्यांदा कोण गप्प झालं ठाऊक नाही. पण मग हळूहळू सगळेच गप्प झाले आणि तरीही ते एकटे बोलत राहिले.

बेकरीवालीने त्यांचा हलता हात धरला आणि पुढे टेकवला. गार सिमेंट होतं. माथ्याच्या खाली, मागच्या अंगाला, गावाची पाण्याची टाकी आहे. तिच्या भिंतीपासून ते हातभर अंतरावर उभे होते.

"तुमच्या मागून चालताना माझा पाय मोडला असता," ती म्हणाली. एवढंच. मग ती वळली, आणि माणसं एकेक करून तिच्या मागून खऱ्या माथ्याकडे गेली. बूटवाल्यांना कुणी हाक मारली नाही. वरून थोड्या वेळाने देखावा बघून आनंदलेले आवाज ऐकू आले.

भिंतीपाशी दोघंच उरली.

"तुझे डोळे उघडे होते," ते म्हणाले.

"होते."

"टाकी दिसत होती तुला?"

"लांबूनच दिसली."

"मग खोकली का नाहीस?"

बायकोने त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "लोक हसतात ना," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या खोकल्याला."

खडीवर तिची पावलं वाजत गेली, उताराकडे. बूटवाल्यांनी एक हात भिंतीवर ठेवून पाय पुढे केला आणि तसाच अधांतरी धरला. खाली पायरी होती की दगड, त्यांना समजेना. ते खोकल्याची वाट बघत उभे राहिले.