मामाची मुलगी आणि धाकट्याचं दुखणं

धाकट्या भावाची तेरवी आटोपल्यावर गोंदियाची आमची ताई आणखी काही दिवस रायपूरला राहिली. एका दुपारी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "आता घरात काही चांगलं होऊ दे. तुही पोट्टी माह्या पोट्ट्याले दे."

आमच्याकडे यात नवल नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. आमची आईसुद्धा बाबांच्या मामाचीच मुलगी. शेजारच्या उत्तर प्रदेशी बाई तिथंच बसल्या होत्या, त्यांनी कानांवर हात ठेवले. "राम राम! वो तो बहन हुई ना, भैया?"

"तुमच्यात होत असंन बहीण," ताई म्हणाली, "आमच्यात सून होते."

मला हसू आलं, पण होकार देता येईना. भावाला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडांत कळा उठतात. तो गेल्यापासून मी त्याबद्दल मिळेल ते वाचत असतो. तो असताना वाचायला हवं होतं असं नाही. तेव्हा त्याचे पाय चेपणं जास्त गरजेचं होतं.

वैनगंगेच्या काठचा आमचा मूळ मुलूख जंगलाचा, साचल्या पाण्याचा, हिवतापाचा. हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर मूल धडधाकट राहतं आणि हिवतापातून वाचण्याची शक्यता वाढते. अशी मुलं जगली, त्यांचा संसार झाला, आणि दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोघांकडून आला, की मात्र आजार. आणि आम्ही सोयरीक आपल्यातच करतो, त्यात पुन्हा मामाकडे. मग दोन्हीकडचा दोष कधीतरी एकत्र येणारच. इतकं समजल्यावर आईबाबांवरचा माझा राग गेला. त्यांना कोण सांगणार होतं?

मुलगी नवा रायपूरहून कामावरून आली, तेव्हा ताईनं तिलाही विचारलं. तिनं बॅग खाली ठेवली. "बुआ, मेरा टेस्ट हो चुका है। मेरे में एक तरफ़ का है। पहले भैया का भी करवा लो।"

"काहून? माह्या पोट्ट्याले काय झालं? दोन माणसाचं जेवते तो!"

"ताई," मी म्हणालो, "मीही जेवतो. पोरीत ते माझ्याकडूनच आलं. तुझ्याही अंगात असू शकतं, आणि तुझ्याकडून पोराच्याही. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही."

ताईचा चेहरा उतरला. लहानपणी भाऊ कळांनी ओरडायचा, तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसायची ती हीच. ती म्हणाली, "एका पोट्ट्याले तसं पाहिलं. पुरे झालं." मेथीची परात उचलून ती आत गेली.

गोंदियाला परतल्यावर तिनं आपल्या मुलाची तपासणी करवून घेतली. त्याच्यातही निघालं. तिनं फोन केला तो मला नाही, माझ्या मुलीला. मी शेजारीच बसलो होतो.

"सून नाही करत तुले," ती सांगत होती. "पण लग्न ठरंन तवा पोट्ट्याच्या घरी तपासणीचं मीच बोलीन. तुह्या बापाच्यानं नाही होणार, तो लाजते."

मुलगी हसली, डोळे पुसले आणि पहिल्यांदाच आत्याला मराठीत म्हणाली, "हो आत्या, तूच बोल."