ढब्याचं भाषण

आमच्या घरी कॉन्फरन्समध्ये मिळालेल्या कापडी पिशव्यांचा ढीग आहे. एकीत कांदे, एकीत लेकीचे स्विमिंगचे कपडे आणि एकीत नुसत्याच बाकीच्या पिशव्या! किश्श्यांचंही तसंच झालंय. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. म्हणून आज थोडे तुमच्याकडे रिकामे करते.

मी आणि माझा जुना मित्र मिलिंद, आम्ही दोघं लहान मुलांचे डॉक्टर. सिंगापूरमध्ये सेंगकांगला एका ब्लॉकच्या खाली आमचं भागीदारीतलं क्लिनिक आहे. कॉन्फरन्सबद्दल मिलिंदचं मत ठाम. "गार हॉल, गरम जेवण आणि फुकटचं पेन. बाकी काय असतं गं, नीलू?" असं म्हणायचा आणि दर वर्षी माझ्याआधी नाव नोंदवायचा!

फक्त माईकला हात लावायचा नाही. पुण्यात शिकत असताना एकदा पेपर वाचायला उभा राहिला, पहिल्या वाक्यालाच वाचा बसली आणि हा गडी बाजूच्या दाराने थेट हॉस्टेलवर! तेव्हापासून मोठी माणसं समोर आली की याचे हातपाय गार. यंदा मी त्याला न विचारता त्याचं नाव वक्त्यांमध्ये देऊन टाकलं. विषय, इंजेक्शनला घाबरणारी मुलं.

तो भडकलाच. "या वेळी पळालो ना, तर पुन्हा आयुष्यात स्टेजवर चढणार नाही. आणि मला सांग, या कॉन्फरन्सांचा उपयोग तरी काय?"

आता उपयोग म्हणाल, तर ऐका.

*

दोन वर्षांपूर्वी भर लेक्चरात मागच्या रांगेत एक बाळ रडायला लागलं. आई स्टेजवर बोलत होती, बाळ बाबांच्या मांडीवर. अख्खा हॉल बालरोगतज्ज्ञांचा! सगळ्यांच्या माना मागे. एक म्हणाला कान दुखतोय, दुसरी म्हणाली दात येताहेत. मिलिंद माझ्या कानात, "गॅस आहे, लिहून देतो." दोघं-तिघं तर उठून पोट तपासायला निघाले.

बाबा बिचारे बँकेत कामाला. शेवटी वैतागून खास सिंगापुरी इंग्रजीत मोठ्याने म्हणाले, "बेबी नॉट सिक, लाह! ही इज बोअर्ड. मी ऑल्सो!"

टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच पडल्या.

*

खरं ज्ञान मिळतं ते चहाच्या रांगेत. आमच्याकडे एक मराठी बाळ यायचं, मरीन परेडहून. रोज संध्याकाळी उलटी! सगळे रिपोर्ट नॉर्मल. आई रडकुंडीला आलेली आणि खरं सांगते, मलाही झोप लागेना. कॉन्फरन्सला चहाच्या रांगेत माझ्यापुढे मनिलाच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहात साखर ढवळत एवढंच विचारलं, "घरी आजी कधी आली?"

पुढच्या भेटीला मी आजींना विचारलं, "आजी, तुम्ही सिंगापूरला कधी आलात?"

"झाला की महिना. का गं?"

उलट्यांनाही महिनाच झाला होता! कामवाली मुलगी बाळाला पोटभर जेवू घालायची आणि ती स्वयंपाकघरात वळली की आजी वाटीभर वरणभात वर भरवायच्या. "ती भरवते त्याला काय जेवण म्हणायचं? दोन घास नुसते!"

वरणभात थांबला, उलट्या थांबल्या. मिलिंदला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे लेक्चरं बंद करून नुसता चहाच ठेवा की!"

*

आता मिलिंदची खासियत सांगते. त्याच्याकडे हातात घालायचा एक कापडी डायनासोर आहे, त्याचं नाव ढब्या. एखादं मूल आईच्या कुशीत तोंड खुपसून गप्प बसलं की मिलिंद त्याच्याकडे बघतही नाही. ढब्याला विचारतो, "काय रे ढब्या, आज कुठे दुखतंय?" आणि ढब्या बोलायला लागला की मूलही बोलतं. चिनी, मलय, तमिळ, सगळी मुलं दारातूनच "ढब्या, ढब्या" करत येतात.

भाषणाच्या आदल्या दिवशी त्याची लेक त्याला म्हणाली, "बाबा, जस्ट इमॅजिन दे आर ऑल थ्री इयर्स ओल्ड, लाह."

"अगं, तीन वर्षांचे असते तर प्रश्नच नव्हता!" मिलिंद म्हणाला. तरी ढब्याला खिशात घातलंनच.

*

अध्यक्ष होत्या डॉक्टर लिम. वय सत्तरीच्या पुढे, पुढ्यात घंटा. वेळ संपली की भल्याभल्यांचं वाक्य अर्ध्यावर तोडणार. मिलिंद त्यांना टरकून असायचा.

त्याचं नाव पुकारलं. तो चढला, माईक धरला आणि बसली वाचा! बाजूच्या दाराकडे त्याची नजर गेलेली मी पाहिली. कशाला याचं नाव दिलं, असं झालं मला.

डॉक्टर लिमनी घंटा उचलली. मी डोळे मिटले. पण घंटा वाजलीच नाही. उघडून बघते तर बाईंनी ती टेबलाखाली ठेवून दिली होती. मिलिंदच्या खिशातून हिरवी शेपटी लोंबत होती. त्याच्याकडे न बघता बाईंनी त्या शेपटीलाच विचारलं, "आणि तुझं नाव काय, बाळा?"

मिलिंदचा हात आपसूक खिशात गेला. ढब्या वर आला.

"ढब्या," ढब्या म्हणाला. "मला इंजेक्शनची भीती वाटते."

"मलाही वाटते. मग तू काय करतोस?"

आणि ढब्याने भाषण केलं! अख्खं. पहिल्यांदा हॉल हसला, मग लोक वह्या काढून लिहायला लागले. वेळ केव्हाच संपली होती, घंटा टेबलाखालीच.

शेवटी मागून एका तरुण डॉक्टरने हात वर केला. "माझा प्रश्न ढब्याला आहे."

मिलिंदने ढब्याकडे पाहिलं. त्याला हातातून काढलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि माईक जवळ ओढला.

"तो दमलाय," मिलिंद म्हणाला. "मला विचारा."