मशीनचा तीन वर्षांचा विमा

१८ ऑक्टोबर २००७, प्रश्न बाराशे रुपयांचा, आणि गोंदियातल्या आमच्या घराच्या अंगणात मी, पत्नी, कपडे धुण्याची नवी मशीन बसवायला आलेला दुकानाचा माणूस आणि नऊ वर्षं आमचं धुणं धुणारी बाई. ‘भाईसाब, बाराशे में तीन साल का बीमा. कुछ भी बिगड़े, टेन्शन नहीं,’ तो म्हणाला. मी खोक्यावरच हिशेब मांडला. एकदा मोटर जळली तर अडीच हजार जाणार, म्हणजे बाराशे परवडतात. बाई दगडावर चादर आपटत ऐकत होती. निळ्या साबणाचा वास सगळीकडे पसरला होता. काम सुटणार हे मी तिला तोवर सांगितलंच नव्हतं. हात पुसत ती म्हणाली, ‘मशीनीचं तीन सालाचं पाहून राहिले भाऊ, माह्या उद्याचं काय?’ पत्नी आत निघून गेली. ‘मशीन बिघडली की बोलावू तुला,’ मी म्हणालो. ‘कायले बिघडंल? तुमी बीमा काढून राहिले ना,’ म्हणत तिने चादर पिळून तारेवर टाकली. चुकतंय हे मला आज कळलं असं नाही. तेव्हाही कळत होतं. तरी दुकानाला मी रोख बाराशे दिले, आणि तिला, दिवसाला दहाप्रमाणे, अठरा दिवसांचे एकशे ऐंशी.