आधी निवद, मग जेवण

माझी मावसबहीण वंदना गेली, त्या दिवशी मी खामगावात दवाखान्याच्या फाटकाबाहेर तिच्यासाठी शहाळी घेत होतो. ओकाऱ्या थांबत नाहीत म्हणून तिला सोनाळ्याहून आणताहेत, एवढंच कळलं होतं... गाडी आली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. तासाभरात सगळं संपलं. शहाळी तिथेच बाकावर राहिली.

दहावीत असताना तिला मधुमेह निघाला, जन्मभर इन्सुलिन घ्यावं लागणारा. रडायचं सोडून या बाईनं त्याचीच थट्टा मांडली. जेवणाआधीच्या सुईला ती नैवेद्य म्हणायची. "थांबा बे, देवाले निवद दाखोते, मंग जेवू!" लग्नाच्या पंगतीतसुद्धा आम्ही भावंडं हात आवरून बसायचो. एकदा सुई घेतल्यावर जेवण लांबलं आणि ती घामाघूम होऊन पडली. तेव्हापासून मावशीनं नियमच केला, समोर ताट आल्याशिवाय निवद नाही. उन्हाळ्यात वीज टिकत नाही म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या माठात असायची, आणि त्या वाळूवर रोज सकाळी मावशीच पाणी शिंपडायची.

यंदा वैशाखात तिला ताप आला, ओकाऱ्या लागल्या, पोटात काही ठरेना. "खाल्लंच नाई, तं निवद कशाचा?" ती म्हणाली. मावशीलाही ते पटलं. सुई बंद झाली. मग तहान भागेना, श्वास जोरजोरात चालू लागला, तोंडाला पिकल्या केळ्यासारखा वास येऊ लागला... घरच्यांना वाटलं, अशक्तपणा. डॉक्टर नंतर म्हणाले, जेवण बंद असलं तरी इन्सुलिन बंद करायचं नसतं, आजारपणात तर नाहीच. ते नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साचतं. या प्रकाराला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. आता नाव कळून काय करायचं? हयगय झाली असती तर कुणावर तरी चिडता आलं असतं. आमची वंदना नियम पाळून गेली, आणि याचं मला काय करावं ते अजून कळत नाही.

परवा सोनाळ्याला गेलो. मावशी माठापाशी बसून वाळूवर पाणी शिंपडत होती.

"मावशे, आता काऊन?"

"ऊन किती हाये, बापू... औषध खराब होईन ना."

मी झाकण उचललं. बाटली गार होती, निम्मी भरलेली.

"पाय बरं, चांगलं हाये ना आजून?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो.